नोकरी सोडून 'स्पीकर' व्हायचंय, पण पैसे देऊन बोलवणार कोण?

रात्रपाळी_वाकड

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

१७ वर्षं हिंजवडीत आयटीत काढली. डेव्हलपमेंट नाही, प्रॉडक्शन सपोर्ट. म्हणजे रात्री अडीचला फोन वाजतो, कुठल्यातरी बँकेची सिस्टिम पडलेली असते, कॉलवर वीस माणसं आणि प्रत्येकजण "आमच्याकडून सगळं ओके आहे" म्हणतोय, त्यातून वाट काढायची. शेवटची सहा वर्षं टीम सांभाळली. मग एक दिवस झोप आणि पाठ दोन्ही गेली आणि राजीनामा दिला. नोटीस पिरियड संपून चार महिने झाले.

बोलायची आवड शाळेपासून, वक्तृत्व स्पर्धांच्या ढाली अजून आईकडे माळ्यावर आहेत. टोस्टमास्टर्सला (भाषणाचा सराव करायचा क्लब) तीन वर्षं जातेय, पाच मिनिटाला हिरवा, सहाला पिवळा, सातला लाल दिवा, ते सगळं अंगवळणी पडलंय. म्हटलं आता हेच करू. प्रोफाईलवर 'मोटिव्हेशनल स्पीकर अँड लीडरशिप कोच' लिहिलं, फोटो काढून घेतले (हात बांधून उभं राहायचं, तोच).

चार महिन्यांची कमाई: एक कॉलेज, दोन रोटरी, एक सोसायटीतला महिला मंडळाचा कार्यक्रम. मिळालं काय तर तीन बुके, दोन मग, एक शाल आणि एक तुळशीचं रोप. रोप छान वाढलंय. पैसे शून्य. कॉलेजवाल्या मॅडमना घाबरत घाबरत मानधनाचं विचारलं तर म्हणाल्या "तुम्हाला एक्स्पोजर मिळेल ना".

फी सांगायची कशी आणि किती? आणि 'पेड स्पीकर बना' टाईपचा एक कोर्स बघितलाय, ७५ हजार मागतायत, घ्यावा का? नवऱ्याची नोकरी आहे त्यामुळे घर चालतंय पण वाकडच्या फ्लॅटचा हप्ता माझ्या सेव्हिंगमधून जातोय, फार तर वर्षभर पुरेल.

कट्ट्यावरचा_काका

भाऊ, पुण्यात ऐकणाऱ्यांपेक्षा बोलणारे जास्त, आणि ते सगळे फुकट बोलतात. धंदा बदला.

रात्रपाळी_वाकड

भाऊ नाही हो काका, ताई. धागा न वाचता प्रतिसाद देता हे तरी कबूल करा :)

भोसरी_ते_चाकण

ताई, मी क्वालिटीत होतो एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत, २०१५ ला सोडली, तेव्हापासून ट्रेनिंगवरच घर चालतंय. जरा लांबेल पण सांगतो.

तुमच्या पूर्ण धाग्यात मला एकच वाक्य भारी वाटलं, ते रात्री अडीचचं. आणि नेमकं तेच तुमच्या प्रोफाईलवर नाही. 'मोटिव्हेशनल स्पीकर' म्हणजे लक्ष्मी रोडवर साडीचं दुकान टाकण्यासारखं आहे, दुकान चालत नाही असं नाही पण तुमच्याकडेच का यावं? एचआरवाल्याला रोज असे दहा मेल येतात. त्याला मोटिव्हेशन नकोय, त्याच्या गळ्याशी काहीतरी आलेलं असतं आणि ते सोडवायला त्याच्याकडे थोडं बजेट असतं. सुपरवायझर आणि मेंटेनन्सवाले एकमेकांशी धड बोलत नाहीत, लाईन बंद पडली की पहिली पंधरा मिनिटं चूक कोणाची यातच जातात. हे तुम्ही १७ वर्षं बघितलंय की! सर्व्हरच्या जागी प्रेस मशीन टाका, भांडण तेच.

दुसरं म्हणजे भाषा. हिंजवडी-खराडीत इंग्रजीत बोलणारे ढिगाने आहेत. चाकण, रांजणगाव, भोसरीत शॉप फ्लोअरवरच्या माणसांसमोर दीड तास मराठीत, हसवत, त्यांच्या कामाबद्दल बोलणारा माणूस शोधून सापडत नाही. मला पहिली तीन वर्षं याच एका गोष्टीने जगवलं.

टोस्टमास्टर्स चांगलंच आहे, अं-अं जातं, वेळेची शिस्त लागते. पण तिथे समोरचे सगळे टाळ्या वाजवायला बसलेले असतात हो. इथे जेवणानंतरची बॅच असते, पंखा गरम हवा फेकतोय, मागच्या रांगेतला एकजण नाईट करून आलाय आणि त्याला सक्तीने बसवलंय. सात मिनिटांचं घोटलेलं भाषण इथे कामाचं नाही, नव्वद मिनिटं त्यांच्याकडून बोलून घेता आलं पाहिजे. माझ्या पहिल्या सेशनला ४५ स्लाईड होत्या आणि लाईट गेली. त्या दिवशी खरं शिकलो.

फीबद्दल. मी पहिलं सेशन ५ हजारात केलं, आज अर्ध्या दिवसाचे २५ घेतो, शहराबाहेर असेल तर गाडीभाडं वेगळं. तुमचे आकडे वेगळे असतील. पण आकडा सांगून गप्प बसायचं, हे सगळ्यात अवघड. आपण सांगतो आणि लगेच स्वतःच "पण बघा, कमी-जास्त करू" म्हणतो. समोरच्याने अजून तोंडही उघडलेलं नसतं!

फुकट करायचंच असेल तर बदल्यात काहीतरी मागा. व्हिडिओ शूट करू द्या, कंपनीच्या लेटरहेडवर दोन ओळी द्या, किंवा हॉलमध्ये बसलेल्या तीन कारखानदारांशी ओळख करून द्या. रोटरीत अशी माणसं असतात, तुम्ही ते दोन मग घेऊन घरी आलात.

७५ हजारांचा कोर्स: त्या कोर्सवाल्याचं मुख्य उत्पन्न भाषणाचं आहे का कोर्सचं, एवढं विचारा.

जमाखर्च

सीए आहे, म्हणून रुक्ष भाग माझ्याकडे.

कंपनी व्यावसायिक फीवर १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) कापते, एकाच कंपनीकडून वर्षात ५० हजारांच्या वर गेलं की (आधी ही मर्यादा ३० हजार होती, एप्रिल २०२५ पासून वाढली). पैसे कमी आले म्हणून एचआरशी भांडू नका, रिटर्न भरताना ते हिशोबात येतात. जीएसटी नोंदणी सेवा देणाऱ्यांना वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेल्यावर सक्तीची, त्यामुळे आत्ता डोक्याला ताप नको. मात्र काही मोठ्या कंपन्या जीएसटी नंबर नसेल तर व्हेंडर म्हणून घेतच नाहीत, तेव्हा बघू. नोकरीत कर आपोआप कापला जायचा, आता टीडीएस वजा जाऊन १० हजार किंवा जास्त कर बसत असेल तर ॲडव्हान्स टॅक्स आपला आपण भरायचा, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. नवीन माणूस पहिल्या वर्षी हमखास विसरतो आणि व्याज भरतो.

आणि उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आजच करा. ऑनलाईन आहे, फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. फायदा असा की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचं असा कायदा आहे, आणि उशीर केला तर तो खर्च कंपनीला त्या वर्षी वजावट म्हणून मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. त्यामुळे मार्च जवळ आला की अकाउंट्सवाले स्वतःहून फोन करतात. बिलावर उद्यम नंबर ठळक छापा.

भोसरी_ते_चाकण

+१. आणि पीओ (परचेस ऑर्डर, कंपनीची लेखी ऑर्डर) हातात आल्याशिवाय गाडीला किल्ली लावायची नाही. "या हो मॅडम, पीओ मागाहून काढू" म्हणणारा पुढच्या महिन्यात नोकरी बदलतो, नवीन माणूस म्हणतो कोण तुम्ही. माझे असे १८ हजार अजून एका ठिकाणी अडकलेत, सहा वर्षं झाली.

परतलेला

थोडं थंड पाणी ओततो, राग मानू नका. मी हेच केलं होतं आणि दीड वर्षात परत नोकरीत गेलो. बोलायला कमी पडत नव्हतो, लोक आवडलं म्हणायचे. पण महिन्यात बोलणं चार दिवस, उरलेले सव्वीस दिवस मेल, फोन, "सर पुढच्या क्वार्टरला बघू", बिलाचा पाठपुरावा. मला ते जमलं नाही, फोन उचलताना पोटात गोळा यायचा. आणि पैसा पावसासारखा येतो. मार्चमध्ये सगळं एकदम, ४ मार्चपासून सुरक्षा सप्ताह, ८ ला महिला दिन, शिवाय बजेट संपवायची घाई. मग एप्रिल-मे कोरडा ठाक. वर्ष पुरेल म्हणता त्यातले दोन महिने असेच धरा. आणि कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम गेला असेल तर स्वतःचा काढलात का? नवऱ्याच्या पॉलिसीत नाव असलं तरी एक स्वतःचा असू द्या, मी हे आजारी पडल्यावर शिकलो.

सतरंजी_उचल्या

मी एका उपनगरातल्या व्याख्यानमालेचा कार्यकर्ता, म्हणजे खुर्च्या लावणारा. काका म्हणाले पुण्यात फुकट बोलतात, ते अर्धसत्य. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती चालवणाऱ्या संस्थेचं नावच वक्तृत्वोत्तेजक सभा, त्यामुळे आपल्याकडे व्याख्यान ऐकणं हे काम समजलं जातं आणि देणं ही सेवा. आम्ही मानधन देतो, पाकीट असतं, पण त्यावर कोणाचा हप्ता फिटणार नाही. १९ फेब्रुवारीच्या आसपास शिवचरित्रावर बोलणाऱ्यांना एका दिवसात दोन-तीन गावं असतात, ते गणित निराळं.

तरी ताई, वर्षाला एखादी व्याख्यानमाला घ्याच. आमचा श्रोता सत्तरीचा, पहिल्या रांगेत बसतो आणि आवडलं नाही तर उठून जातो. कंपनीत माणसं पगारी बसलेली असतात, तिथे खरं कळत नाही. आणि आधी येऊन माईक तपासा हो, नव्वद टक्के वक्ते माईक हनुवटीखाली धरतात आणि नंतर आमच्या साऊंडवाल्याला बोलतात.

रात्रपाळी_वाकड

सगळ्यांचे आभार, परतलेला तुमचे जास्त. मेडिक्लेमचा फॉर्म भरला. कोर्सवाल्याला तो प्रश्न विचारला, त्याने मला ग्रुपमधून काढलं.

प्रोफाईलवरचं मोटिव्हेशनल पुसलं, आता एवढंच आहे: 'काम बंद पडतं तेव्हा माणसं एकमेकांशी कशी बोलतात, यावर मराठीत सेशन'. जुन्या टीममधल्या एकाचा भाऊ चाकणला मेंटेनन्सला आहे, त्याच्या ओळखीने प्लांट एचआरला मेल केला. तीन आठवडे काही नाही, मग फोन. फी विचारली, मी ८ हजार म्हटलं आणि जीभ दातांखाली धरून बसले. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं कॉल कट झाला. मग म्हणाले "ठीक आहे, पीओ काढतो". काल मेलवर आला, प्रिंट काढून फ्रिजला लावलाय, सासूबाई विचारतायत कसली पावती आहे.

४० माणसं, पहिली आणि दुसरी शिफ्ट बदलताना, दीड तास, त्यात चहा. कारखान्याच्या आत आयुष्यात गेलेले नाही. साडी नेसू का ड्रेस?

भोसरी_ते_चाकण

अभिनंदन!! ड्रेस, ओढणी नको. पायात पुढून बंद बूट घाला, सँडलवर गेटच्या आत सोडत नाहीत. मोबाईलच्या कॅमेऱ्याला स्टिकर लावतील, पेन ड्राईव्ह बहुतेक ठिकाणी चालत नाही, म्हणून स्लाईड आदल्या दिवशीच मेल करून ठेवा, आणि लाईट जाणार आहे असं धरूनच जा. तळेगाव चौकात ट्रॅफिक असतं, वाकडहून दोन तास आधी निघा.

कट्ट्यावरचा_काका

ताई, आठ कमी सांगितलेत. दहा सांगायचे.