मदत हवी आहे : पीट सोडून कोकोपीटमध्ये लावलेला फ्लायट्रॅप काळा पडतोय

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, पण अर्धवट माहितीवर कुणी काय सांगणार म्हणून सगळंच लिहून टाकते.

माझ्याकडे तीन कीटकभक्षी झाडं आहेत, एक व्हीनस फ्लायट्रॅप (सापळ्यासारखी मिटणारी पानं), एक ड्रॉसेरा कॅपेन्सिस (चिकट थेंबांची पानं) आणि एक सारासेनिया (नळीसारखी पानं). चार वर्षं तिन्ही पीट मॉस (दलदलीत साचलेला जुन्या शेवाळाचा थर) आणि परलाईटमध्ये (हलके पांढरे दाणे) मस्त होती, काहीच तक्रार नव्हती. या वेळी कुंड्या बदलताना मात्र ठरवलं की आता पीट नाही वापरायचं. पीटचा थर वर्षाला साधारण १ मिलिमीटर वाढतो असं वाचलं, म्हणजे माझ्या १० सेंटीमीटर खोल कुंडीत जेवढा थर बसतो तेवढा साचायला शंभरेक वर्षं लागली असणार, आणि मी तो दर दोन वर्षांनी काढून टाकत होते. पृथ्वीवरच्या जमिनीचा जेमतेम ३ टक्के भाग ही पीटची दलदल आहे आणि तेवढ्यात सगळ्या जंगलांतल्या झाडांपेक्षा जास्त कार्बन साठलेला आहे, खणून वाळवलं की तो हवेत जायला लागतो. बरं यातली कितीतरी झाडं मुळात तसल्याच दलदलीतली. त्यांचं घर खणून त्यांनाच कुंडीत घालायचं हे मला पटेना, म्हणून मागे फिरायचं नाहीये, एवढं धरून सल्ला द्या प्लीज.

तर केलं काय ते सांगते. फ्लायट्रॅपला कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) आणि परलाईट निम्मं निम्मं. सारासेनियाला पाइन बार्कचा बारीक चुरा, परलाईट आणि थोडंसंच कोकोपीट. ड्रॉसेराला नुसतं लांब धाग्याचं स्फॅग्नम मॉस (दलदलीतलं शेवाळ). कोकोपीटची वीट नळाच्या पाण्यात फुलवली, मग दोनदा पावसाच्या पाण्याने धुऊन पिळून घेतली. खत अजिबात नाही, उन्हाची जागा तीच, ट्रेमध्ये दीड सेंटीमीटर पाणी, तेही साठवलेलं पावसाचंच.

आता दहा आठवडे झाले. ड्रॉसेरा एकदम खूश आहे, पानांवर चिकट थेंब भरपूर, नवीन पानंही येताहेत. सारासेनिया ठीक, जुन्या नळ्यांची टोकं तपकिरी झालीत पण नवीन दोन नळ्या सरळ वर येताहेत. फ्लायट्रॅपचं मात्र बघवत नाही. आधी जुनी पानं टोकाकडून काळी पडली, तेव्हा वाटलं कुंडी बदलल्याचा धक्का असेल, पण आता नवीन येणारी पानंसुद्धा बारकी, आणि सापळे उघडायच्या आधीच कडेने काळे. वर मिश्रणावर हिरवा बुळबुळीत थर आलाय.

काल टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) आणला. पावसाचं पाणी १२ पीपीएम. तेच पाणी फ्लायट्रॅपच्या कुंडीत वरून ओतून खालून निथळलेलं मोजलं तर ३४०! सारासेनियाचं ९०, ड्रॉसेराचं २५. म्हणजे मीठच ना हे? पण मग दोनदा धुतलं त्याचं काय झालं? की कोकोपीटचा सामू (pH) पीटपेक्षा जास्त असतो तो त्रास देतोय, आणि थोडं व्हिनेगर घालावं का? आणि आत्ता लगेच उपटू की आणखी धक्का नको म्हणून थांबू?

प्रतिसाद १

थांबू नका, आजच काढा. एरवी विश्रांतीचा काळ संपता संपता कुंडी बदलणं बरं, पण ३४० मध्ये ठेवण्यापेक्षा अवेळी काढलेलं परवडलं. या झाडांसाठी पाणी ५० च्या आत असावं असं आपण धरतो, आणि मुळांशी तर त्याच्या सातपट चाललंय.

धुऊनही का राहिलं ते सांगतो. नारळाच्या सोडणात पोटॅशियम मुळातच भरपूर, शिवाय सोडणं बरेचदा खाऱ्या पाण्यात भिजवतात त्यामुळे सोडियमही येतं. यातलं सुटं मीठ धुतल्यावर जातं, पण बाकीचं भुश्श्याला धरून बसलेलं असतं आणि ते हळूहळू सुटतं. नळाचं पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम हे मीठ हुसकावून लावतं पण स्वतः तिथे बसतं. विटेवर बफर्ड लिहिलेलं असेल तर तिला बहुधा कॅल्शियम नायट्रेट लावलेलं असतं, म्हणजे टोमॅटोसाठी उत्तम आणि आपल्या झाडांसाठी खतच. त्यामुळे लगेच निथळलेलं पाणी मोजून फसायला होतं. मूठभर कोकोपीट पावसाच्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवा, सकाळी पिळून ते पाणी मोजा, आणि आकडा ५० च्या खाली येईपर्यंत हेच रोज करत राहा. मला एका विटेला नऊ दिवस लागले होते. बारीक भुकटीही चाळून काढा, ती तळाशी बसली की मुळांना हवा मिळत नाही.

व्हिनेगर नको. सामू थोडा वर असला तरी स्वच्छ पाण्यात फ्लायट्रॅप सांभाळून घेतो, मिठाला मात्र तो टिकत नाही.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. काढल्यावर कंद बघा, पांढरा आणि घट्ट असेल तर झाड वाचेल, वरची सगळी पानं काळी असली तरी. मऊ तपकिरी भाग कापून टाका, मुळं पावसाच्या पाण्यात हलक्या हाताने धुवा आणि ड्रॉसेरासारखं स्फॅग्नममध्येच लावा, थोडं परलाईट घालून. घट्ट दाबू नका. किडे भरवू नका, अशक्त झाडाला सापळा मिटवायलाच फार ताकद लागते.

धागाकर्ती

दोघांचे खूप आभार. काल संध्याकाळीच काढला. कंदाचा एक भाग मऊ झाला होता तो कापला, पण मधला पांढराशुभ्र आणि घट्ट आहे, हातात घेतल्यावर इतकं बरं वाटलं! विटेवर बघितलं तर खरंच बफर्ड लिहिलंय, आणि मी तेच चांगलं म्हणून मुद्दाम निवडलं होतं. उरलेलं भिजत घातलंय, पहिल्या सकाळी ४१०, आज २६०.

एकच राहिलं. स्फॅग्नमसुद्धा दलदलीतूनच येतं ना, मग फरक काय पडला?

प्रतिसाद १

फरक आहे. मॉस म्हणजे वरचा जिवंत थर, खाली थोडा ठेवून काढला तर काही वर्षांत परत वाढतो. पीट म्हणजे खालचा साचलेला थर, तो आपल्या हयातीत परत येत नाही. तरी मॉस जपूनच वापरा. ड्रॉसेराच्या कुंडीत कधी कधी त्याला हिरवे कोंब फुटतात, फुटले तर ते वेगळ्या ट्रेमध्ये लावून वाढवा, पुढच्या कुंडीपुरतं तिथेच होतं. सारासेनियाला आत्ता हात लावू नका, फक्त आठवड्यातून एकदा वरून भरपूर पावसाचं पाणी ओता आणि ट्रेमधलं फेकून द्या.