मदत हवी आहे: नुसत्या आवाजावरून ट्रायम्फ की नॉर्टन?
मंडळी, मी लंडनला वेम्बलीत राहतो. एस कॅफे, म्हणजे मोटारसायकलवाल्यांचा जुना अड्डा, जवळच, त्यामुळे रविवारी सकाळपासून जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींची वर्दळ असते. आमच्या खिडकीतून रस्ता दिसत नाही, नुसतं ऐकू येतं.

सिंगल सिलिंडर ओळखतो. लहानपणी काकांची बुलेट ऐकून कान तयार झालाय. व्हिन्सेंटची ५० अंशांची व्ही-ट्विनही (इंग्रजी V सारखे दोन सिलिंडर) कळते, ठोके लंगडत पडतात. घोडं अडतं पॅरलल ट्विनपाशी, म्हणजे शेजारी-शेजारी दोन सिलिंडर असलेल्या इंजिनापाशी. ट्रायम्फ बॉनव्हिल, बीएसए ए१०, नॉर्टन कमांडो, तिन्हींचा क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) ३६० अंशांचा. दोन्ही पिस्टन एकदम वर, एकदम खाली, क्रँकच्या दर फेऱ्याला एक ठोका. मग फरक ऐकायचा कशात? टॅपेटच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांच्या) खडखडाटात? की ६५०च्या बॉनव्हिलपेक्षा ७५०ची कमांडो जाड वाजते? (सायलेन्सर बदललेला असला तर सगळंच मुसळ केरात, मान्य.)

शिवाय एक सिंगल थ्रॉटल सोडला की चक्क चिवचिवते. बीएसए गोल्ड स्टारची ही खूण म्हणतात. तीच असेल, की असा चिवचिवणारा सायलेन्सर दुसऱ्या गाड्यांनाही लावतात?

१२ सेकंदांचं रेकॉर्डिंग आहे, हवं तर टाकतो. मागे शेजाऱ्यांचा कुत्रा भुंकतोय, तेवढं सांभाळून घ्या.