आधी पदकाची कड बघा

दादा, वडील मुंबईहून कुठल्या जहाजाने इटलीला गेले, असं विचारलंयत. जहाजाच्या नावापासून सुरुवात करू नका, दुसऱ्या महायुद्धात ती नावं गुप्तच ठेवत. आधी पदकाची कड आणि ताऱ्याच्या आकाराच्या पदकाची मागची बाजू भिंगाखाली बघा. भारतीय शिपायांच्या पुष्कळ पदकांवर नंबर, नाव, पलटण असते. आमच्या आबांचा नंबर कागलच्या घरी ट्रंकेत तसाच सापडला. आई पदकं चिंचेनं घासायची, तरी अक्षरं टिकली होती!

मराठा लाइट इन्फंट्री असेल तर नंबर घालून बेळगावच्या सेंटरला अर्ज करा. पलटणीच्या युद्धडायऱ्या, म्हणजे रोजच्या नोंदी, लंडनजवळ क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. इटलीची मालिका डब्ल्यूओ (वॉर ऑफिस, म्हणजे ब्रिटिश युद्धखातं) १७०. पण मराठा पलटणी बहुतेक आधी मध्यपूर्वेत होत्या, म्हणून मुंबईहून निघालेल्या बोटीच्या तारखा मध्यपूर्वेच्या डब्ल्यूओ १६९ मालिकेत शोधा.