आयटीतले दिवस: तुमचे बरेवाईट अनुभव लिहा

खाडीपलीकडची:
सोमवारी रात्री ऐरोली स्टेशनात बाकावर एक मुलगी बसली होती. मांडीवर लॅपटॉप, फोन खांद्याशी दाबलेला. दोन लोकल सोडल्या तिने. मग "आलं का वर, सर? आलं?" बंद पडलेली सिस्टिम चालू झाली असणार, कारण असा चेहरा उजळला तिचा!

मला 19 जुलै 2024 चा शुक्रवार आठवला. एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये चूक होती आणि जगभरातली सुमारे 85 लाख विंडोज मशिन्स निळी पडली, म्हणजे निळ्या एरर स्क्रीनवर अडकली. मशीन चालूच होत नाही म्हटल्यावर लांबून दुरुस्ती तरी कशी करणार? प्रत्येक लॅपटॉप सेफ मोडमध्ये (म्हणजे अगदी गरजेपुरतंच चालू करून) न्यायचा, बिटलॉकरची, म्हणजे डिस्कच्या कुलपाची, 48 आकडी की घालायची आणि एक फाइल उडवायची. मी महाप्यातून आकडे वाचत होते, पलीकडे नाशिकच्या शाखेतले शिपाईकाका एका बोटाने टाइप करत होते. तीनदा चुकलं. चौथ्यांदा ओरडले, "ताई, गणपती दिसला!" वॉलपेपर होता तो. त्या ओरडण्यासाठी मी अजून या कामात आहे.

लेकीचा वाढदिवस होता त्या दिवशी. केक कापल्याचा व्हिडिओ रात्री घणसोलीच्या सिग्नलला पाहिला. ते अजून सलतं.

तुम्हीही लिहा.

कुकरच्या_तीन_शिट्ट्या:
गणपतीला डोळ्यांत पाणी आलं गं. आमच्याकडे त्या सगळ्या कीजची यादी ज्या सर्व्हरवर होती, तोच निळा पडलेला. नंतर लिहिते, कुकर झालाय.

जुना_कोबोलवाला:
31 डिसेंबर 1999. बँकेचं कॉम्प्युटर सेंटर, आम्ही सहा जण आणि थर्मासभर चहा. जागा वाचवायला वर्षाचे दोनच आकडे साठवलेले, म्हणजे 99 नंतर 00, आणि व्याजाचा हिशेब थेट 1900 सालात. दीड वर्षं एकेक प्रोग्रॅम तपासला होता. बारा वाजले, काहीही झालं नाही. एकमेकांना मिठ्या मारल्या आम्ही. पुढे लोक म्हणाले, उगाच बाऊ केला होता. अहो, काही झालं नाही हेच तर आमचं काम!

घोडबंदरचा_राजू:
तीन दिवस ऑफिस सक्तीचं. दीड तास घालवून महाप्याला जायचं आणि हेडफोन लावून पुण्याच्या टीमशीच बोलायचं. जीव जातो.

कुकरच्या_तीन_शिट्ट्या:
@राजू ठाण्याहून ट्रान्स हार्बरची लोकल का नाही धरत?

घोडबंदरचा_राजू:
ठाणे स्टेशनला पोचायलाच पाऊण तास लागतो ताई, पावसात तर विचारूच नका.

अर्धा_र:
आमच्या ॲपमध्ये 'कऱ्हाड'चा ऱ फुटायचा. युनिकोडमध्ये ऱ साठी वेगळी जागा आहे, पण आमचा जुना फॉन्ट त्याचा जोड लावेना. वरिष्ठ म्हणाले, किरकोळ आहे, पुढच्या रिलीजला बघू. मी दोन शनिवार बसून लावला. एका आजोबांनी पावतीवर गावाचं नाव नीट बघून मुलाला दाखवलं. पगारवाढ दोन टक्केच झाली त्या वर्षी, पण ती पावती माझ्याकडे आहे.

नाव_नको:
मार्चमध्ये मला काढलं. पंधरा मिनिटांचा कॉल, संध्याकाळी मेल बंद. सोळा वर्षं झाली होती. आठ दिवस घरी सांगितलं नाही, रोज डबा घेऊन निघायचो, ऐरोलीला खाडीकडे बसायचो. फ्लेमिंगो होते. बायकोने डबा तसाच परत आलेला पाहून ओळखलं. काही बोलली नाही, दोघांचं पान वाढलं.

खाडीपलीकडची:
@नाव_नको दादा, व्यनि (खाजगी निरोप) केलाय. बघा प्लीज.

घोडबंदरचा_राजू:
टेस्टिंगमध्ये असाल तर रबाळ्यात दोन जागा आहेत, मी रेफर करतो. खरंच सांगतो, बायोडाटा पाठवा.

नवी_भरती:
मला दीड वर्षच झालंय. कोड एआय लिहितं, मी तपासते. परवा त्याने अस्तित्वातच नसलेलं फंक्शन वापरलं, तासभर मी लायब्ररीत शोधत बसले. चूक सापडल्यावर बरं वाटलं, पण स्वतः लिहून चालवण्याची मजा मला कधी मिळणार? कॉलेजात ती मिळाली होती.

जुना_कोबोलवाला:
बाळ, रविवारी तासभर स्वतःसाठी लिही. अडलं तर मला विचार.

नवी_भरती:
हो काका, नक्की.

कुकरच्या_तीन_शिट्ट्या:
आले परत. त्या मुलीला लोकल मिळाली का शेवटी?

खाडीपलीकडची:
मिळाली. माझ्या शेजारीच बसली, दिघा गाव यायच्या आत झोपली. ठाण्याला मी उठवलं.