शाळेचं कामही फोनवर, विरंगुळाही फोनवर. वेगळं कसं करायचं?

भूमितीच्या_बाई (मंगळवार पेठ, कोल्हापूर):
नमस्कार. नववी-दहावीला गणित शिकवते. 'फोन लांब ठेवा' हा सल्ला कृपया नको. पालकसभेत तो मीच देते, त्याचं पुढं काय होतं ते ठाऊक आहे.

शाळेची निम्मी कामं आता फोनवरच येतात. हजेरी, फोटो अपलोड, प्रशिक्षणाची लिंक. शिवाय एक ग्रुप आहे, नाव 'तातडीचे'. त्यात खरा तातडीचा निरोप गुलाबाच्या फुलांखाली आणि सुविचारांखाली गाडलेला असतो.

परवा घटक चाचणीचे पेपर घेऊन बसले. समरूप त्रिकोणांचं प्रमेय. पोरानं पक्ष लिहिलाय, साध्य लिहिलंय, सिद्धतेच्या तिसऱ्या ओळीत त्यानं हा कोन कुठनं आणला ते बघत होते, तेवढ्यात फोन थरथरला. 'आज ५ पर्यंत लिंक भरावी.' घड्याळात साडेसहा! भरली. बाहेर पडताना शाहू स्टेडियमवरच्या मॅचचा व्हिडिओ दिसला, तो संपेस्तोवर चहा गार. पेपर परत हातात घेतला की पुन्हा पक्षापासून सुरुवात. भूमितीचं उत्तर मधूनच वाचता येत नाही, हे भाषावाल्यांना सांगून पटत नाही.

वर्गात निराळीच गंमत. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून पडद्यावर व्हिडिओ लावला, स्पर्शिका म्हणजे काय ते जरा डोक्यात शिरायला लागलं, आणि वरून उतरलं: 'वहिनी, भिशीचे पैसे कधी देताय?' दहावी ब अजून हसतेय.

दुसरा फोन घेणार नाही. ज्यांनी काही जमवलंय त्यांनी नेमकं काय केलं तेवढं लिहा.

बावड्याचा_मास्तर:
मॅडम, दुसरा फोन कशाला? स्टाफरूमच्या संगणकावर व्हॉट्सॲप जोडा. एका खात्याला चार उपकरणं जोडता येतात आणि फोन बंद असला तरी चालतं. फक्त १४ दिवसांत एकदा तरी फोनवर उघडावं लागतं. लिंका, फॉर्म सगळं तिथं बसून उरकायचं, घरी आणायचंच नाही. निघताना लॉग आउट करा, नाहीतर आमच्याकडं एकदा सातवीच्या पोरांनी सरांच्या नावानं सुट्टी जाहीर केलती.

भिशीसाठी 'डू नॉट डिस्टर्ब'. त्यात घरचे आणि हेडसर तेवढे सवलतीत घाला. वारंवार कॉल करणाऱ्याची सोय चालू ठेवली तर अँड्रॉइडवर १५ मिनिटांत त्याच माणसानं दुसऱ्यांदा फोन केला की वाजतो, म्हणजे खरोखर नड असेल तर कळतंय. लई बेस चालतंय हे.

निवृत्त_शाहूपुरी:
आमच्या वेळी शिपाई सूचना वही घेऊन वर्गाच्या दारात यायचा. वाचायचं, सही ठोकायची, संपलं. व्यत्यय तेव्हाही होता, पण वहीच्या पुढच्या पानावर कुस्ती लागलेली नसायची. हेडसरांनाच सांगा की सगळ्या सूचना पाचव्या तासानंतर एकत्र टाका. एकट्या मास्तरानं किती संयम ठेवायचा?

कळंब्याचा_पालक:
निवृत्त सरांशी सहमत. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ पासून संध्याकाळी ७ ला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली. एका घरानं ठरवलं असतं तर शेजारच्या मालिकेचा आवाज आलाच असता. सगळ्या गावानं ठरवलं म्हणून जमलं.

आणि बाई, फोन नुसता पालथा ठेवून भागत नाही म्हणे. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये छापलं होतं की फोन शांत करून टेबलावर ठेवला तरी डोकं थोडं तिकडं अडकतं, दुसऱ्या खोलीत असेल तर कमी. पुढच्या सगळ्या प्रयोगांत तसंच निघालं असं नाही, पण आमच्या पोरीच्या अभ्यासाला फ्रिजवर ठेवलेला फोन लागू पडलाय.

भूमितीच्या_बाई:
बावड्याचे सर, डू नॉट डिस्टर्ब लगेच लावलं. आज दोन तास निवांत गेले, भिशीवाल्या जाऊबाई मात्र फुगल्यात. फ्रिजचंही करून बघते, पण पालकांचं काय? रात्री अकराला 'मॅडम उद्या कंपासपेटी आणायची का' असा निरोप येतो. नाही बघितला तर सकाळी पोरगं कंपासपेटीविना हजर, आणि वर 'मॅडमनी उत्तर दिलं नाही'!

सूचना वहीचा विषय हेडसरांकडं काढला. ते म्हणाले, वरून निरोप यायची वेळ माझ्या हातात नाही. खरंच आहे. पण वरून आलेला निरोप आमच्यापर्यंत कधी ढकलायचा ते त्यांच्या हातात आहे, एवढं मी बोललेच. सोमवारच्या मीटिंगमध्ये ठेवणार आहेत.

आता एकच अडचण. स्टाफरूमचा संगणक विंडोज ७ वर आहे, क्रोम जुनं म्हणून कुरकुर करतंय. काय करू?

बावड्याचा_मास्तर:
क्रोमचा नाद सोडा, १०९ नंतरचं ७ वर येत नाही. फायरफॉक्सची ११५ वाली ईएसआर, म्हणजे जास्त काळ अपडेट मिळणारी आवृत्ती टाकून बघा. नाहीच चाललं तर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर येतो, मिसळ तुमच्याकडं.