मदत हवी आहे: घरालगतचं जुनं रायवळ आंब्याचं झाड पावसाळ्याआधी छाटून किती उतरवावं?

परसदार
ठिकाण अलिबाग तालुका, समुद्र सरळ रेषेत एक किलोमीटर. रायवळ आंबा, वय साठीच्या पुढे. छातीच्या उंचीवर घेर २.६ मीटर, उंची अंदाजे १४ मीटर. घर कौलारू, झाडाच्या पूर्वेला, बुंध्यापासून साडेचार मीटरवर. वर दीड-दोन फूट माती, खाली जांभा खडक.

पूर्वेची एक फांदी छपरावर आली आहे, खोडाजवळ जाडी २० सेंमी. जमिनीपासून तीन मीटरवर खोडाचं बेचकं आहे आणि बेचक्यात साल आत दबलेली दिसते. बुंध्याशी ताजा भुसा पडतो आहे. झाड तोडणारे म्हणतात, "पंधरा फुटांवर आणून ठेवा, पाच वर्षं बघायला नको." सध्या एप्रिल चालू आहे. अर्धं उतरवणं बरोबर आहे का? नसेल तर नेमकं काय करावं?

फांदीमूळ
अर्धं उतरवू नका. जाड फांदी मध्येच तोडली की कापाखालून धुमारे फुटतात, आणि ते फक्त वरच्या थराला चिकटलेले असतात. आतल्या लाकडात रुजलेल्या फांदीची पकड त्यांना नसते. दोन-तीन वर्षांत ते मनगटाएवढे होतात आणि वादळात आधी तेच सुटतात. तोवर मधला काप भरत नाही, पाणी मुरून लाकूड कुजतं. म्हणजे पाच वर्षांनी तुमच्याकडे तेवढंच उंच पण आतून पोकळ झाड असेल. एवढ्या वयाच्या झाडाचा हिरवा पाला एका वर्षात पाचव्या हिश्शापेक्षा जास्त काढू नये.

शेंड्याकडे बघण्याआधी एक सांगा. गेल्या दोन-तीन वर्षांत झाडाभोवती कुठे खोदलं आहे का? पाया, पाइप, गटार, काहीही. बुंध्यावर भराव किंवा पेव्हर ब्लॉक?

परसदार
ब्लॉक नाहीत. दिवाळीनंतर पश्चिमेला कंपाउंडची भिंत घातली. पाया बुंध्यापासून दीड मीटरवर, दोन फूट खोल. मुळं लागली होती, गवंड्यांनी तोडली.

फांदीमूळ
मग खरा प्रश्न तिथे आहे, छपरावरच्या फांदीत नाही.

हिशोब बघा. घेर २.६ मीटर म्हणजे व्यास साधारण ८३ सेंमी. झाड उभं धरणारी जाड मुळं बुंध्यापासून व्यासाच्या तिप्पट अंतरात असतात, तुमच्याकडे अडीच मीटर. चर त्याच्या बऱ्याच आत गेला आहे. खोदकाम व्यासाच्या सहापट अंतराबाहेर, म्हणजे पाच मीटरपलीकडे हवं होतं. त्यात जांभ्यावर मुळं खोल जात नाहीत, झाड आडव्या पसाऱ्यावर उभं असतं. एका बाजूचा पसारा गेला की त्याची भरपाई खालून होत नाही.

बाजूही वाईट निवडली गेली. वाऱ्याकडची मुळं ताणाने झाडाला धरून ठेवतात. पावसाळी वारा नैर्ऋत्य-पश्चिमेचा, मुळं तुटली पश्चिमेची, घर पूर्वेला. पण फक्त त्याच वाऱ्याचा विचार करू नका. चक्रीवादळाचं केंद्र तुमच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं तर वारा आधी जमिनीकडून, पूर्व-ईशान्येकडून येतो. ३ जून २०२० च्या 'निसर्ग'चं केंद्र अलिबागच्या दक्षिणेलाच चढलं होतं. म्हणून एकाच बाजूचं वजन काढून झाड लंगडं करू नका.

भिंतीच्या आतल्या बाजूची माती हाताने, खुरप्याने बाजूला करून पाहा. पाच सेंमीपेक्षा जाड किती मुळं तुटली ते मोजा. ठेचलेली टोकं धारदार करवतीने सरळ कापा आणि त्याच दिवशी माती ओढून घ्या. मुळांवर सिमेंट नको. बुंध्याशी आळंब्याची कडक, वरून चकचकीत तपकिरी थाळी दिसली तर मुळं कुजत आहेत असं धरा.

हिरवाकंच
आमच्याकडे बागांतून आतली बारीक फांदी सगळी काढतात, हवा पार जाते. तसं केलं तर?

फांदीमूळ
वाळलेलं, घासणारं, बांडगूळ लागलेलं काढा. पण आतून सगळं खरवडलं की पाला फक्त टोकांना उरतो. वजन आणि वारा दोन्ही टोकाला जातात आणि फांदी मधेच मोडते. विरळणी फळ-उजेडासाठी ठीक आहे, वादळासाठी उपयोग नाही. इथे लांबी कमी करायची आहे: सर्वांत लांब फांद्या टोकाकडून एक-दीड मीटर मागे घ्या. काप नेहमी एखाद्या उपफांदीशी घ्या, आणि ती उपफांदी कापलेल्या फांदीच्या निदान एक तृतीयांश जाड हवी. काप दहा सेंमीच्या आतले ठेवा.

करवत
छपरावरच्या फांदीबद्दल. २० सेंमीचा काप आत्ता घेतला तर तो जून-जुलैत उघडा राहील, आणि भिरुडाचा, म्हणजे खोड पोखरणाऱ्या किडीचा, भुंगा नेमका तेव्हाच जखमेत अंडी घालतो. आत्ता तिचं बाहेरचं वजन कमी करा, खोडापासूनचा काप ऑक्टोबर-नोव्हेंबरात घ्या.

तेव्हा तीन काप. पहिला खालून, खोडापासून ३०-४० सेंमीवर, जाडीच्या पाव ते एक तृतीयांश. दुसरा वरून, पहिल्यापेक्षा चार-पाच सेंमी बाहेर. फांदी इथे सुटते आणि साल खोडापर्यंत सोलत जात नाही. तिसरा काप उरलेल्या खुंटाचा, फांदी खोडाला मिळते तिथल्या फुगीर वळीच्या अगदी बाहेर. वळी कापली तर जखम मोठी होते, खुंट ठेवला तर तो कुजून आत जातो. फांदी दोराने उतरवा, कौलांची किंमत दोराहून जास्त आहे. कोयता नको, त्याने लाकूड फाटतं. जवळून वीजतार जात असेल तर आधी महावितरणकडून लाइन बंद करून घ्या.

कापावर बोर्डो पेस्ट: मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर. अर्ध्या पाण्यात मोरचूद, अर्ध्यात चुना, दोन्ही प्लॅस्टिकच्या बादलीत, मग एकत्र. लोखंडी भांडं चालत नाही. घासलेला खिळा बुडवून तांबूस थर आला तर चुना कमी आहे. उरलेली पेस्ट दुसऱ्या दिवशी वापरू नका. ऑइलपेंट आणि डांबर यांपासून लांब राहा.

सुरंगी
भुशाचं आधी बघा, ते ऑक्टोबरपर्यंत थांबत नाही. जाडसर, चावलेल्या तंतूंसारखा भुसा भोकातून पडत असेल तर भिरूड. मातीच्या नळ्या असतील तर वाळवी, ती वेगळी गोष्ट. भिरुडाच्या भोकात आकडा केलेली तार घालून अळी ओढून काढा. अळी बोटापेक्षा जाड असू शकते. भोक साफ करून रॉकेलचा बोळा आत सरकवा, वरून ओल्या मातीने लिंपा. आठवड्याने पाहा: लिंपण फोडून नवा भुसा आला तर आत अजून आहे. मेच्या अखेरीस बुंध्याला मीटरभर उंचीपर्यंत बोर्डो पेस्ट लावा.

लाकडी मोगरीने बुंधा सगळीकडून ठोकूनही पाहा. ढबढब आवाज आला तर पोकळी. उरलेलं सुदृढ लाकूड सगळीकडे त्रिज्येच्या एक तृतीयांश, तुमच्याकडे १३-१४ सेंमी असलं तर ढोली एकटी धोका नाही. ती सिमेंटने भरू नका. झाड हलतं, सिमेंट हलत नाही, आणि मधल्या फटीत पाणी साचतं.

परसदार
बेचक्याला तारेचा वेढा घालून आवळू का? आणि शेणखतासाठी आळं खणायचं होतं, ते खणू?

फांदीमूळ
वेढा नको. साल दाबली जाते, दोन-तीन वर्षांत तार लाकडात रुतते आणि वरची फांदी तिथेच मोडते. केबल टाकायची तर दोन्ही फांद्यांत आरपार बोल्ट मारून, बेचक्यापासून शेंड्यापर्यंतच्या दोन तृतीयांश उंचीवर. हे शिकलेल्या माणसाचं काम आहे. तो मिळाला नाही तर दोन्हींपैकी जड फांदी जास्त मागे घ्या, ताण तेवढ्यानेही उतरतो.

आळं यंदा अजिबात नको, मुळं पुन्हा तुटतील. युरियाही नको, कोवळा पाला वाढून वारा जास्त धरेल. कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळा तीन-चार इंच पसरा, बुंध्यापासून हातभर लांब. भिंतीला खालून पाणी जायला भोकं ठेवली आहेत का तेही बघा. पाणी तुंबलं की माती मऊ होते आणि मुळांची पकड जाते.

जूनमध्ये दोन दिवस सलग पाऊस आणि वारा झाला की लांब उभं राहून पश्चिमेची जमीन पाहा. बुंध्याभोवती कमानीसारखी भेग, किंवा वाऱ्याच्या झोताबरोबर वर-खाली होणारी माती दिसली, तर छाटणीचा विषय संपला. झाडाकडच्या खोल्या रिकाम्या करा आणि झाड काढायची परवानगी मागा. ग्रामीण हद्दीत १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा लागतो, आंबा त्याच्या यादीत आहे, म्हणून वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज. नगरपालिका हद्दीत १९७५ चा शहरी झाडांच्या संरक्षणाचा, आणि त्यात झाडाला इजा करणंही तोडण्यात धरतात. अर्जासोबत भेगेचे, तुटलेल्या मुळांचे फोटो आणि घराचं अंतर द्या. मुळांचे फोटो आत्ताच, माती ओढण्याआधी काढून ठेवा.