कुंभाच्या आधी तिन्ही मंत्र्यांनी नाशकात बसून उत्तरं द्यावीत का? पोलीस, तपोवनातली झाडं आणि पाळणाघरं

तपोवनवासी:
विधानसभेतल्या प्रश्नोत्तरांच्या छापील याद्या ज्यांनी वाचल्यात त्यांना तो साचा पाठ असेल. आमदार विचारतो "हे खरे आहे काय", खाली येतं "हे अंशतः खरे आहे", मग "असल्यास शासनाने कोणती कार्यवाही केली", त्याला "चौकशी सुरू आहे", आणि शेवटी "विलंबाची कारणे काय आहेत" याला ठरलेलं "प्रश्न उद्भवत नाही". आणि हे उत्तर लिहितं कोण, तर ज्या खात्याबद्दल प्रश्न आहे तेच खातं.

म्हणून माझं म्हणणं असं की २०२७ च्या सिंहस्थाच्या आधी गृह, पर्यावरण आणि महिला-बालविकास या तीन खात्यांच्या मंत्र्यांनी नाशकात यावं, कालिदास कलामंदिरात एकाच दिवशी शेजारी शेजारी बसावं आणि लोकांच्या प्रश्नांना तोंडी उत्तरं द्यावीत, उपप्रश्नासकट. तीनच खाती का, तर कुंभात ही तिन्ही एकमेकांत अडकलेली आहेत. साधुग्रामासाठी, म्हणजे कुंभातल्या साधूंच्या तात्पुरत्या वस्तीसाठी, तपोवनातली सुमारे १८०० झाडं तोडायची नोटीस निघाली तेव्हा महापालिका म्हणे कुंभाचं काम आहे, वर विचारलं तर म्हणे महापालिकेचा विषय आहे. बंदोबस्ताला बाहेरच्या जिल्ह्यातून महिला पोलीस येणार, त्यांच्या लहान पोरांचं काय हे गृहखात्याला विचारलं तर ते बालविकासाकडे बोट दाखवणार. रस्त्यांच्या कामावर पेठ-सुरगाण्याच्या बायका आहेत, पोरं तिथंच खडीच्या ढिगाजवळ खेळतायत, त्यांना तर कुठलंच खातं आपलं म्हणत नाही. तिघं शेजारी बसले की "तो त्यांचा विषय" म्हणायला जागा उरणार नाही.

आणि पालकमंत्र्यांमार्फत विचारा असं कुणी सांगू नका. जानेवारी २०२५ मध्ये नाशिकला नाव जाहीर झालं आणि लगेच स्थगिती आली हे सगळ्यांना माहितीये.

सातपूरकर:
पूर्ण विरोध. भावना समजते पण उपाय चुकीचा आहे. हॉल भरणार कोण? कार्यकर्ते. पहिल्या पाच रांगा त्यांच्या, माइक त्यांच्याकडे, आणि "साहेबांचे आभार" असे प्रश्न येणार. आपल्या घटनेत कलम १६४(२) प्रमाणे मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार आहे, कालिदासला नाही. सभागृहात मंत्र्याने खोटं सांगितलं तर हक्कभंग आणता येतो, सांगितलेलं केलं नाही तर आश्वासन समिती विचारते. हॉलमध्ये दिलेल्या शब्दाची कुठं नोंद आहे? दुसऱ्या दिवशी पेपरला फोटो येईल आणि संपलं. तुम्ही मंत्र्यांना जिथं खरंच अडकवता येतं तिथून सोडवून जिथं टाळ्या मिळतात तिथं आणताय.

गोदाकाठची:
सातपूरकर, मग सभागृहात अडकवून नदीचं काय झालं ते सांगा. गोदावरीच्या प्रदूषणाची जनहित याचिका २०१२ ची आहे, उच्च न्यायालयाने नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेकडून उपाय मागवले, आदेश झाले. तरी नासर्डी आज सातपूर-अंबडकडून काय घेऊन येते ते टाकळीच्या संगमावर उभं राहून बघा, वास येतो लांबूनच. पाणवेली दरवर्षी काढतात दरवर्षी येतात कारण खाली सांडपाणी आहेच. नासर्डीला नंदिनी म्हणायला लागलो आपण, पण पाणी तेच. रामकुंडात लाखो लोक डुबकी मारणार आहेत, मला मंत्र्याच्या तोंडून एकच ऐकायचंय की पर्वणीच्या दिवशी ते पाणी आंघोळीच्या लायकीचं असेल का, हो की नाही. लेखी उत्तरात हो-नाही कधी येतच नाही.

वकीलीण_नाशिकरोड:
झाडांबद्दल एक मुद्दा सगळ्यांनी लक्षात ठेवा कारण उपप्रश्न तिथंच विचारायचाय. आपल्याकडे १९७५ चा नागरी भागातल्या झाडांचा कायदा आहे, त्यात २०२१ ला दुरुस्ती झाली. ५० वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष धरलं जातं. २०० किंवा जास्त झाडं तोडायची असतील तर विषय राज्य पातळीवरच्या वृक्ष प्राधिकरणाकडे न्यायचा असं त्या दुरुस्तीत आलं. आणि एक झाड तोडलं तर त्याचं वय जितकं तितकी नवी झाडं लावायची. म्हणजे ४० वर्षांच्या एका झाडामागे ४० झाडं. तर "एकाच्या बदल्यात अमुक झाडं लावू" असं कुणी मेहरबानी केल्यासारखं सांगत असेल तर विचारा, प्रत्येक झाडाचं वय लावलेली यादी कुठाय? प्रकरण हरित लवादात आणि उच्च न्यायालयात गेलं हे चांगलंच, पण कोर्टात सरकारी वकील बोलतो, मंत्री नाही. धोरण ठरवणाऱ्याने स्वतः सांगावं.

भाविक_पंचवटी:
कुंभ १२ वर्षांनी येतो हो. साधुमहंत कुठं उतरणार मग? तपोवनात साधुग्राम पिढ्यान्‌पिढ्या आहे, आज अचानक सगळ्यांना झाडं आठवली. माझं दुकान पंचवटीत आहे, मला कुंभ नीट व्हायला पाहिजे. मंत्र्यांना हॉलमध्ये बसवून दिवस घालवण्यापेक्षा काम करू द्या, आधीच वेळ कमी राहिलाय.

तपोवनवासी:
भाऊ, कुंभाला विरोध कुणाचाच नाहीये, माझ्या आजीने तीन कुंभ पाहिले. साधूंना सावली नको असते का? झाडं ठेवून तंबूंचा आराखडा करता येतो का, केला होता का, की जागा मोकळी करणं सोपं म्हणून ते निवडलं, एवढंच विचारायचंय. हे विचारणं म्हणजे काम थांबवणं नाही.

निवृत्त_हवालदार:
मी पोलिसांवर लिहितो कारण आयुष्य त्यात गेलं. २७ ऑगस्ट २००३ ला कुंभात सरदार चौकाकडच्या उतारावर चेंगराचेंगरी झाली, ३९ माणसं गेली. त्या धसक्याने २०१५ ला पहिल्या पर्वणीला इतके बॅरिकेड लावले की म्हातारी माणसं मैलोन्‌मैल चालली आणि घाटावर गर्दीच कमी. एकदा कमी बंदोबस्त एकदा जास्त, आणि दोन्ही वेळा शिव्या चौकातल्या शिपायाला. २०२२ मध्ये महिला पोलिसांना ८ तास ड्युटीचा आदेश राज्यभर निघाला. कागदावर चांगला. सणाला, सभेला, व्हीआयपीला तो कुणी पाळतं का? पर्वणीच्या आधीपासून उभं राहावं लागतं, जेवणाचा पत्ता नाही, मोबाइल टॉयलेट कुठंतरी लांब. ज्या पोरीचं बाळ वर्षाचं आहे तिने काय करायचं? त्र्यंबक रोडला आपली पोलीस अकादमी आहे, अख्ख्या राज्याचे फौजदार इथं घडतात, तर निदान या गावात तरी पर्वणीच्या काळात पोलिसांच्या मुलांसाठी चोवीस तास पाळणाघर उभं राहायला काय हरकत आहे. मंत्री यावेत. पण प्रश्न शिपायांनाही विचारता आला पाहिजे आणि तो विचारता येणार नाही कारण शिस्तभंग होतो. आमच्या वतीने तुम्ही विचारा.

सिडको_बॉय:
पोलिसांवर टीका नको आत्ता. "नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला" मोहीम २०२५ ला सुरू झाली तेव्हा कित्येक दिवसांनी आमच्या भागात रात्री दहाला पोरी क्लासवरून एकट्या यायला लागल्या. भाईगिरी करणारे, नेत्यांच्या गाडीत फिरणारे, त्यांना हात लावला कुणीतरी. ज्यांनी सिडकोत कोयते बघितलेत त्यांनाच त्याची किंमत कळेल. मंत्र्यांना काय प्रश्न विचारणार, अभिनंदन करा.

वकीलीण_नाशिकरोड:
सिडको_बॉय, कारवाईचं मीही स्वागत केलं, नेत्यांच्या माणसांना हात लागला हे या शहरात मोठं आहे. पण आरोपीला कॅमेऱ्यासमोर उभं करून घोषणा म्हणायला लावणं ही शिक्षा कुठल्या कलमात आहे? उद्या ते रील बघून कोर्टात साक्षीदार, ओळख परेड सगळ्यावर वकील बोट ठेवणार आणि तोच माणूस सुटून परत तुमच्याच चौकात येणार. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही लावायला सांगितलं, कोठडीपर्यंत. त्याच्याही आधी २००६ ला प्रकाश सिंह निकालात पोलिसांविरुद्धच्या तक्रारीसाठी स्वतंत्र प्राधिकरण सांगितलं होतं. नाशिकच्या किती ठाण्यांत कॅमेरे चालू आहेत आणि रेकॉर्डिंग किती महिने ठेवतात, हा प्रश्न गृहमंत्र्यांना विचारला तर त्याचं उत्तर "मोहीम यशस्वी आहे" हे होऊ शकत नाही. दुसरं म्हणजे ऑक्टोबर २०२३ मध्ये शिंदे गावातला एमडी या अमली पदार्थाचा कारखाना मुंबई पोलिसांनी येऊन पकडला. आपल्या हद्दीत चालू होता तो. बालेकिल्ल्याला हा प्रश्न नको का?

सिडको_बॉय:
शिंदे गावचा मुद्दा मान्य, तो विचाराच. घोषणेचं मात्र पटत नाही. तुमचे कोर्ट वर्षानुवर्षं तारखा देतं तोवर आम्ही घाबरून राहायचं का. निदान दोन महिने तरी ते घाबरले.

इंदिरानगरची_आई:
सगळे पोलीस आणि झाडांवरच बोलतायत, पाळणाघर आलं की धागा थंड. मी अंबडला कंपनीत आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघराची सोय करायची असं मातृत्व लाभ कायद्यात आलं, आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जायची मुभा पण त्यात होती, आणि नोव्हेंबर २०२५ पासून तेच सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. मी विचारलं तेव्हा मला सांगितलं कंत्राटी बायका आमच्या हजेरीवर नाहीत म्हणून आकडा ५० होत नाही. सासूबाई आहेत म्हणून माझी नोकरी टिकली, ज्यांच्याकडे कुणी नाही त्या बसल्या घरी, शिकलेल्या, डिप्लोमा केलेल्या बायका. मंत्री येतात महिला मेळाव्याला, भाषण करून जातात, प्रश्न कुणी घेत नाही. मला कालिदासमध्ये हात वर करून हे विचारायचंय, आमदाराकडे अर्ज द्यायचा नाहीये.

अंगणवाडीताई:
ताई बरोबर बोलल्या. मी सेविका आहे, भाग सांगत नाही. लोकांना वाटतं अंगणवाडी म्हणजे पाळणाघर, तसं नाहीये. तीन ते सहाची मुलं काही तास येतात, खिचडी उसळ खातात, जातात. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळांना घरी न्यायचा आहार मिळतो, त्यांना सांभाळायची सोय नाही. मजूर बाईचं काम सकाळी आठला सुरू होतं संध्याकाळी सहाला संपतं, मधल्या वेळात बाळ कुठं? केंद्राची पाळणा योजना आहे, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची, २०२२ पासून, देशात १७००० चं लक्ष्य. नाशिक जिल्ह्यात किती आणि कुठं हे मला विचारायचंय. आणि ते आमच्याच डोक्यावर टाकू नका. आमच्याकडे पोषण ट्रॅकर ॲपमधल्या नोंदी, सर्व्हे, वजनं, निवडणुकीचं काम सगळं आहे, आणि पगार नाही मानधन आहे. ग्रॅच्युइटीसाठीही सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं, २०२२ ला निकाल आला. डिसेंबर २०२३ ला संपावर बसलो तेव्हा थंडीत आझाद मैदानापर्यंत गेलो आम्ही. मंत्री आमच्या गावात येऊन समोर बसणार असतील तर मला ते पाहिजे.

निफाडकर:
शहरवाल्यांनो द्राक्षाच्या बागा विसरू नका. छाटणीला, थिनिंगला, खुड्याला मजुरांच्या टोळ्या येतात, बाया पोरांना वेलीखाली झोळीत ठेवून काम करतात आणि तिथंच फवारणी चालू असते. मी बागायतदार आहे, मलाही ते बघवत नाही. पण एकट्या शेतकऱ्याला पाळणाघर परवडणार नाही, गावागणिक हंगामी सोय सरकारनेच करायची. हा प्रश्न शेती, पर्यावरण, बालविकास तिन्हीत बसतो म्हणून कुठंच बसत नाही. तपोवनवासींना पाठिंबा, फक्त सभा शहरात एक आणि पिंपळगावला एक घ्या.

सातपूरकर:
सगळं वाचलं. प्रश्न एकसे एक आहेत, म्हणूनच माझा विरोध वाढला. इतके नेमके प्रश्न गर्दीत वाया जातील. एका जणाला दोन मिनिटं, मंत्री म्हणणार "माहिती घेऊन कळवतो", टाळ्या, पुढचा. इंग्लंडमध्ये पंतप्रधान दर बुधवारी दुपारी अर्धा तास उत्तरं देतात पण तेही सभागृहातच, समोर पुन्हा विचारणारा विरोधी पक्षनेता असतो म्हणून. आपल्याकडे नोव्हेंबर २०२४ च्या निकालानंतर विधानसभेत ते पदच रिकामं राहिलं, खरी लढाई तिथं आहे. आणि झाडं, नाले, पाळणाघराच्या जागा या अर्ध्या गोष्टी महापालिकेच्या आहेत. मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता, तेव्हा यातलं किती जणांनी आवाज केला? मंत्र्यांना बोलवायच्या आधी वॉर्डात विचारा.

तपोवनवासी:
दादा, विरोधी पक्षनेत्याचं तुमचं बरोबर आहे आणि तेच माझं कारण आहे. आत विचारणारा कमी पडतो तेव्हा बाहेरच्याने विचारायचं नाही तर कुणी? "माहिती घेऊन कळवतो" वर माझी तयारी अशी की प्रश्न पंधरा दिवस आधी लेखी पाठवायचे, म्हणजे माहिती नव्हती हे चालणार नाही, हॉलमध्ये फक्त उपप्रश्न. प्रवेश चिठ्ठ्या काढून, पक्षाच्या पासवर नाही. पूर्ण व्हिडिओ. सातपूरची फाशीच्या डोंगरावरची देवराई २०१५ ला लोकांनी उभी केली ती कुणाची परवानगी कधी येईल याची वाट बघत बसून नाही.

अंगणवाडीताई:
रविवारी ठेवा. बाकीच्या दिवशी आम्हाला सुट्टी मिळत नाही. आणि हॉलच्या बाजूला लहान पोरांसाठी एक खोली ठेवा नाहीतर बायका येणारच नाहीत, प्रश्न पुन्हा पुरुषच विचारतील.

सातपूरकर:
ताईंचं मान्य. हॉलला माझा विरोध कायम, पण प्रश्न लेखी काढताच आहात तर तीच यादी नाशिक पूर्व, मध्य, पश्चिम आणि देवळालीच्या चारही आमदारांना द्या, तारांकित म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं असा प्रश्न म्हणून लावा म्हणावं, शब्द न बदलता. वकीलीण ताई, झाडांच्या वयाच्या यादीचा आणि सीसीटीव्हीचा प्रश्न तुम्ही लिहून द्याल का? पाळणाघराचा मी लिहितो, अंबडच्या ताईंनी कंत्राटी हजेरीचं जे सांगितलं ते त्यात पहिलं घेतो.